डिजिटल संक्रमण आणि गुंतवणुकीचे निर्णय : उदयोन्मुख अर्थव्यवस्थांचा अनुभव

आर्थिक विकासाच्या प्रक्रियेत भांडवल संचयाला मध्यवर्ती स्थान आहे. बचतीचे गुंतवणुकीत रूपांतर होते, गुंतवणुकीतून उत्पादनक्षमता वाढते आणि त्यातून उत्पन्न व रोजगार निर्माण होतात, ही साखळी अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. तथापि या साखळीतील एक दुवा पाठ्यपुस्तकांतून बहुधा गृहीत धरला जातो. तो म्हणजे गुंतवणुकीचा निर्णय. भांडवल उपलब्ध आहे, बाजारपेठ आहे, व्याजदरही माफक आहेत, तरीही उद्योजक गुंतवणूक लांबणीवर टाकतो, असे चित्र अनेकदा दिसते. याउलट अपुऱ्या माहितीच्या आधारे घाईने केलेली गुंतवणूक संपूर्ण उद्योगक्षेत्राला कर्जाच्या गर्तेत लोटते, अशीही उदाहरणे आहेत.

डिजिटल तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. या तंत्रज्ञानामुळे माहिती मिळविण्याचा व व्यवहार करण्याचा खर्च घटतो, हे निर्विवाद आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांसंबंधी रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याचे प्रमाण म्हणून नेहमी सांगितला जातो. १९९७ ते २००१ या काळात तेथे मोबाइल सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली. नौका किनाऱ्याला लागण्यापूर्वीच कोणत्या बंदरात काय भाव आहे हे कळू लागल्याने निरनिराळ्या बंदरांतील भावांतील तफावत झपाट्याने घटली, विक्रीअभावी मासळी टाकून देण्याची वेळ संपुष्टात आली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकांना मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. परंतु हे लाभ प्रत्यक्षात येण्यासाठी आधी कोणीतरी मनोरे उभारावे लागतात, यंत्रे घ्यावी लागतात, माणसे प्रशिक्षित करावी लागतात. हा खर्च कोणी, केव्हा आणि कोणत्या भरवशावर करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विवेचनाचे मुख्य सूत्र असे : डिजिटल संक्रमणाच्या काळात उदयोन्मुख अर्थव्यवस्थांतील गुंतवणूक ही केवळ भांडवलाच्या उपलब्धतेवर ठरत नाही. निर्णय चुकल्यास किती किंमत मोजावी लागेल, यावर ती मोठ्या प्रमाणात ठरते. ही किंमत कमी करण्याचे काम सार्वजनिक पायाभूत सुविधा आणि स्थिर नियम करू शकतात, आणि तिचा सर्वाधिक भार लहान उद्योजकावर पडतो.

गुंतवणूक निर्णयाची तीन अंगे

पारंपरिक नियमानुसार एखाद्या प्रकल्पातून अपेक्षित असलेल्या उत्पन्नाचे वर्तमान मूल्य त्याच्या खर्चाहून अधिक असेल, तर गुंतवणूक करावी. हा निव्वळ वर्तमान मूल्याचा नियम होय. मुंबईत जन्मलेले व मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या नियमाची मर्यादा दाखवून दिली. त्यांच्या मांडणीनुसार गुंतवणूक निर्णयाची तीन अंगे विचारात घ्यावी लागतात.

पहिले अंग अपरिवर्तनीयतेचे. एकदा केलेला खर्च पूर्णपणे परत मिळत नाही. विशिष्ट कामासाठी घेतलेली यंत्रसामग्री किंवा तयार करून घेतलेली संगणक प्रणाली विकावयास गेल्यास तिची अल्प किंमत येते. न परतणाऱ्या या भागास बुडीत खर्च म्हणतात. दुसरे अंग अनिश्चिततेचे. मागणी, किंमत, तंत्रज्ञान व शासकीय नियम यांपैकी कोणतीही गोष्ट बदलू शकते. तिसरे अंग कालनिवडीचे. बहुतेक गुंतवणुकी आज कराव्यात किंवा काही काळ थांबून अधिक माहिती हाती आल्यावर कराव्यात, असा पर्याय उद्योजकापुढे असतो. थांबण्याच्या या हक्कालाही मोल असते आणि आज गुंतवणूक केल्यास ते गमवावे लागते.

डिजिटल क्षेत्रात याला चौथे वैशिष्ट्य जोडले जाते. एखाद्या सेवेचे वापरकर्ते जितके अधिक, तितकी ती प्रत्येकाला अधिक उपयुक्त ठरते. दूरध्वनी एकाच घरी असेल तर त्याचा उपयोग शून्य. सर्वांकडे असेल तर तो अपरिहार्य होतो. यालाच जाळे-परिणाम म्हणतात. त्यामुळे या क्षेत्रात प्रथम येणाऱ्यास मोठा लाभ मिळण्याची शक्यता असते आणि थांबणाऱ्याची संधी कायमची निघून जाऊ शकते. थांबण्याचे मोल आणि थांबण्याचा धोका असा दुहेरी ताण येथे उद्योजकावर असतो.

प्रतीक्षेचे मोल : एक गणिती उदाहरण

ही संकल्पना एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका उद्योजकाला डिजिटल यंत्रणेसाठी १०० लाख रुपये गुंतवावयाचे आहेत. वर्षअखेर बाजार अनुकूल ठरल्यास या यंत्रणेचे मूल्य १८० लाख आणि प्रतिकूल ठरल्यास ६० लाख रुपये होईल. दोन्ही शक्यता समसमान आहेत व व्याजदर १० टक्के आहे.

आज गुंतवणूक केल्यास अपेक्षित मूल्य १२० लाख रुपये, त्याचे वर्तमान मूल्य सुमारे १०९.१ लाख आणि निव्वळ लाभ ९.१ लाख रुपये. पारंपरिक नियमानुसार गुंतवणूक योग्य ठरते. आता उद्योजक वर्षभर थांबला असे समजू. बाजार प्रतिकूल दिसल्यास तो गुंतवणूक करणारच नाही. अनुकूल दिसल्यास १०० लाख खर्चून १८० लाखांचे मूल्य मिळवील. अपेक्षित लाभ ८० लाखांच्या निम्मा, म्हणजे ४० लाख, आणि त्याचे वर्तमान मूल्य सुमारे ३६.४ लाख रुपये. म्हणजेच थांबणे कितीतरी अधिक लाभदायक आहे. उद्योजकांचा संकोच हा नेहमीच साहसाचा अभाव नसतो, हे यावरून लक्षात यावे.

या उदाहरणात दोन बदल करून पाहू. पहिला बदल : थांबल्यास प्रतिस्पर्धी पुढे जातो आणि अनुकूल बाजारातही उशिरा येणाऱ्यास ११० लाखांचेच मूल्य मिळते. आता थांबण्याचे वर्तमान मूल्य सुमारे ४.५ लाखांवर येते आणि आजच गुंतवणूक करणे श्रेयस्कर ठरते. जाळे-परिणाम असलेल्या क्षेत्रांत कंपन्या तोटा सहन करून वेगाने विस्तार का करतात, याचे हे स्पष्टीकरण आहे.

दुसरा बदल : प्रतिस्पर्ध्याची भीती नाही, परंतु प्रतिकूल स्थितीत यंत्रणा विकून ९५ लाख रुपये परत मिळतात. आता आजच्या गुंतवणुकीचा निव्वळ लाभ ९.१ लाखांवरून २५ लाखांवर जातो. थांबण्याचे मोल ३६.४ लाखच राहते. पण दोहोंतील अंतर २७ लाखांवरून ११ लाखांवर येते. बाजाराची अनिश्चितता तीच आहे. केवळ चुकीची किंमत घटल्याने निर्णय सुलभ झाला. धोरणकर्त्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. भविष्य निश्चित करणे शासनाच्या हाती नसते. चुकीची किंमत कमी करणे मात्र बऱ्याच अंशी असते.

एक तंत्रज्ञान, तीन परिणाम

तंत्रज्ञान चांगले असले की गुंतवणूक यशस्वी होते, हा समज किती अपुरा आहे हे एम-पेसा या सेवेच्या इतिहासावरून दिसते. मोबाइलद्वारे पैसे पाठविण्याची ही सेवा केनियातील सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने मार्च २००७ मध्ये सुरू केली. त्या वेळी केनियात औपचारिक वित्तीय सेवा जेमतेम एकचतुर्थांश प्रौढांपर्यंत पोहोचल्या होत्या. शहरात काम करणाऱ्यास गावी पैसे पाठवावयाचे तर बसचालक किंवा ओळखीच्या माणसावर विसंबावे लागे. सफारीकॉमकडे मोबाइल ग्राहकांचा मोठा हिस्सा होता आणि रिचार्ज विकणाऱ्या दुकानदारांचे जाळे गावोगावी होते. तेच दुकानदार रोख रक्कम स्वीकारणारे व देणारे प्रतिनिधी बनले. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने आधी सविस्तर कायदा करण्याचा आग्रह न धरता, ग्राहकांची रक्कम स्वतंत्र विश्वस्त खात्यात सुरक्षित ठेवण्याच्या अटीवर सेवेस संमती दिली. राष्ट्रीय देयक प्रणाली कायदा त्यानंतर २०११ मध्ये झाला. २०२१ पर्यंत दर पाच प्रौढांपैकी चारांहून अधिक जण औपचारिक वित्तीय व्यवस्थेत आले होते. टवनीत सुरी व विल्यम जॅक यांच्या २०१६ मधील संशोधनानुसार या सेवेमुळे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे केनियातील सुमारे २ टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून बाहेर आली.

हीच सेवा दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये सुरू झाली. तेथे बँकांचे जाळे तुलनेने विकसित होते आणि सेवा बँकेच्या भागीदारीत चालवावी लागत होती. अपेक्षित ग्राहकसंख्या न मिळाल्याने जून २०१६ मध्ये ती बंद करण्यात आली. भारतात ती २०१३ मध्ये आली. येथे रिझर्व्ह बँकेने बँक-केंद्रित प्रतिमान स्वीकारलेले होते. प्रधानमंत्री जन-धन योजनेमुळे २०१४ नंतर बँक खात्यांचा विस्तार वेगाने झाला आणि २०१६ पासून कोणत्याही बँकेच्या खात्यातून थेट व विनाशुल्क पैसे पाठविण्याची सोय उपलब्ध झाली. ज्या उणिवेवर सेवेचा डोलारा उभा राहावयाचा, ती उणीवच भरून निघाली. २०१९ मध्ये भारतातील सेवा बंद झाली.

या तुलनेचा बोध असा की गुंतवणूकदाराने तंत्रज्ञानाआधी त्या देशातील उणीव कोणती, ती भरून काढणारा दुसरा कोणी आहे काय आणि नियामकाचा दृष्टिकोन काय, हे पाहिले पाहिजे. एका देशातील यश दुसऱ्या देशात जसेच्या तसे उचलून नेता येत नाही.

सार्वजनिक पायाभूत सुविधा : भारत आणि ब्राझील

खासगी कंपनीने स्वतःचे बंदिस्त जाळे उभारावे, हा एक मार्ग. सर्वांसाठी समाईक मार्ग उभारून त्यावर खासगी कंपन्यांनी सेवा द्याव्यात, हा दुसरा. भारताने दुसरा मार्ग निवडला. रिझर्व्ह बँक व भारतीय बँक संघ यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाची स्थापना झाली. त्याला २००७ च्या देयक व समायोजन प्रणाली कायद्याचा आधार होता. या महामंडळाने विकसित केलेली एकीकृत देयक प्रणाली, म्हणजेच यूपीआय, एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झाली. एका बँकेचा ग्राहक दुसऱ्या बँकेच्या ग्राहकास तिसऱ्याच कंपनीच्या अॅपद्वारे पैसे देऊ शकतो, हे तिचे वैशिष्ट्य. निरनिराळ्या संस्थांच्या यंत्रणा परस्परांशी जोडून चालण्याच्या या गुणास आंतरपरिचालन म्हणतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये या प्रणालीवरील मासिक व्यवहारांची संख्या १०० कोटींवर गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ती १,००० कोटींवर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर पोहोचली.

गुंतवणूक निर्णयाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पूर्वी कार्ड स्वीकारण्यासाठी दुकानदाराला विशिष्ट यंत्र घ्यावे लागे आणि प्रत्येक विक्रीवर शुल्क द्यावे लागे. आता छापील क्यूआर संकेताचा कागद पुरेसा झाला. तो चालला नाही तर दुकानदाराचे फारसे काही बिघडत नाही. येथे स्थिर खर्च जवळजवळ नाहीसा झाला आणि चुकीची किंमत शून्याजवळ आली. नव्या अॅप कंपन्यांनाही बँकांशी स्वतंत्रपणे यंत्रणा जोडण्याची गरज उरली नाही.

मात्र प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावरील व्यवहारांसाठी व्यापाऱ्याकडून शुल्क घेण्यास मनाई करण्यात आली. ग्राहक व व्यापारी यांना याचा लाभ झाला. परंतु यंत्रणा चालविण्याचा, तिचे संरक्षण करण्याचा व क्षमता वाढविण्याचा खर्च बँका व सेवादात्यांवर आला. त्याची अंशतः भरपाई शासन प्रोत्साहन योजनेद्वारे करते. २०२४-२५ या वर्षासाठी या योजनेचा अंदाजित खर्च १,५०० कोटी रुपये होता. मार्ग समाईक असला तरी त्याची देखभाल विनामूल्य होत नाही आणि ती कोणी करावी हे निश्चित नसल्यास पुढील गुंतवणूक रेंगाळते.

ब्राझीलचा अनुभव येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स ही तत्काळ देयक प्रणाली सुरू केली. पाच लाखांहून अधिक सक्रिय खाती असलेल्या वित्तीय संस्थांना तीत सहभाग बंधनकारक करण्यात आला. व्यक्तींसाठी सेवा विनामूल्य ठेवली. व्यावसायिक ग्राहकांकडून शुल्क आकारण्याची मुभा मात्र संस्थांना दिली. पहिल्या दिवसापासून सर्व मोठ्या संस्था जोडलेल्या असल्याने जाळे-परिणाम तत्काळ लाभला आणि सेवादात्यांना उत्पन्नाचा मार्गही उपलब्ध राहिला. दोन्ही देशांनी समाईक मार्गाचे तत्त्व स्वीकारले, पण खर्चाच्या वाटणीचे उत्तर वेगवेगळे दिले.

समाईक मार्गावरही मक्तेदारीचा धोका संपत नाही. यूपीआयवरील व्यवहारांत दोन अॅप कंपन्यांचा वाटा मोठा आहे. कोणत्याही एका अॅपचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. तथापि त्याच्या पूर्ततेची मुदत वाढवत २०२६ अखेरपर्यंत नेण्यात आली. मुदतवाढ सतत मिळेल असे गृहीत धरले गेल्यास नव्या स्पर्धकाची गुंतवणूक थांबते, हे येथे ध्यानात घ्यावे.

नियमांची अनिश्चितता : दूरसंचार क्षेत्राचा धडा

डिजिटल अर्थव्यवस्थेचा पाया दूरसंचार क्षेत्र आहे. या क्षेत्रातील भारताचा तीन दशकांचा इतिहास हा गुंतवणूक निर्णयांचा उत्तम अभ्यासविषय होय. १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले तेव्हा दर शंभर व्यक्तींमागे ०.८ दूरध्वनी होते. खासगी कंपन्यांनी परवान्यांसाठी भरमसाट बोली लावल्या. मागणीचा अंदाज फसला आणि अनेक कंपन्यांना ठरलेले शुल्क भरणे अशक्य झाले. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. १९९९ च्या नव्या धोरणाने स्थिर शुल्काऐवजी महसुलातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. या बदलाचे आर्थिक मर्म समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी जोखीम संपूर्णतः कंपनीवर होती. नव्या पद्धतीत ती शासन व कंपनी यांच्यात विभागली गेली. धंदा कमी झाला तर शुल्कही कमी. त्यानंतरच्या दशकात मोबाइल सेवेचा झालेला विस्तार सर्वश्रुत आहे.

परंतु त्याच पद्धतीत पुढील वादाचे बीज होते. महसूल म्हणजे नेमके काय? दूरसंचाराखेरीज अन्य मार्गांनी मिळालेले उत्पन्न त्यात धरावे काय? हा वाद दीर्घकाळ चालला. दरम्यान २०१० मध्ये थ्रीजी लहरींच्या लिलावातून शासनास सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेले १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये नव्या कंपनीच्या प्रवेशाने दरांची तीव्र स्पर्धा सुरू झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महसुलाची व्यापक व्याख्या ग्राह्य धरली आणि कंपन्यांवरील एकूण देणी सुमारे १.४७ लाख कोटी रुपये असल्याचे शासनाने संसदेत सांगितले. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये शासनाने सुधारणा जाहीर केल्या : बिगर-दूरसंचार उत्पन्न यापुढे व्याख्येतून वगळणे, देणी भरण्यास चार वर्षांची सवलत आणि स्वयंचलित मार्गाने १०० टक्के थेट परकीय गुंतवणुकीस परवानगी. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्हजी सेवा सुरू झाली.

ग्राहकाच्या दृष्टीने या प्रवासाचे फळ मोठे आहे. २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सुमारे २६९ रुपये मोजावे लागत. दशकभरात हा दर दहा रुपयांच्या आसपास आला. इंटरनेट जोडण्यांची संख्या मार्च २०१४ मधील २५ कोटींवरून मार्च २०२४ मध्ये ९५ कोटींवर गेली. मात्र एकेकाळी डझनभर कंपन्या असलेल्या बाजारात आज तीन खासगी कंपन्या व सार्वजनिक क्षेत्र एवढेच उरले आहे. अनेक कंपन्यांची गुंतवणूक, बँकांची कर्जे व कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या या काळात बुडाल्या. व्याख्येतील एक संदिग्ध शब्द वेळीच स्पष्ट न झाल्यास त्याची किंमत किती मोठी होऊ शकते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

करविषयक अस्थिरतेचा परिणामही असाच होतो. युगांडाने जुलै २०१८ मध्ये मोबाइलद्वारे होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांवर १ टक्का कर लावला. तीव्र विरोधानंतर काही महिन्यांतच तो केवळ रक्कम काढण्यापुरता व ०.५ टक्के असा मर्यादित करावा लागला. घानाने मे २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवर १.५ टक्के कर लावला, २०२३ मध्ये तो १ टक्का केला आणि २०२५ मध्ये रद्दच केला. महसुलाची निकड समजण्याजोगी असली, तरी नवजात व्यवस्थेवर असा कर लावल्यास गरीब वापरकर्ता रोखीकडे वळतो आणि गुंतवणूकदार पुढील बदलाची वाट पाहत बसतो.

माघारीचाही निर्णय

गुंतवणूक करण्याइतकेच वेळेवर माघार घेणे हेही महत्त्वाचे असते. ऑगस्ट २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ११ अर्जदारांना पेमेंट्स बँकेसाठी तत्त्वतः मान्यता दिली. या बँकांना ठेवी स्वीकारता येतात, पण कर्जे देता येत नाहीत. नफ्याची मर्यादा व स्पर्धेची तीव्रता ध्यानात घेऊन तीन अर्जदारांनी २०१६ मध्येच, प्रत्यक्ष कामकाज सुरू होण्यापूर्वी, माघार घेतली. आणखी काहींनी २०१९ मध्ये व्यवसाय गुंडाळला. तत्त्वतः मान्यता हा एक पर्याय होता. नवी माहिती मिळाल्यावर तो न वापरण्याचा निर्णय तर्कसंगत होता. माघारीकडे केवळ अपयश म्हणून पाहणे योग्य नाही. सुलभ निर्गमनाची व्यवस्था असेल तर प्रवेशाचे धाडस वाढते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे महत्त्व या संदर्भातही आहे.

लहान उद्योजकाचा प्रश्न

मोठ्या कंपनीकडे अनेक प्रकल्प असतात. एक फसला तरी दुसऱ्यातून भरपाई होते. सूक्ष्म उद्योजकाची बहुधा एकच गुंतवणूक असते आणि तीमागे घराची बचत किंवा दागिने तारण ठेवून घेतलेले कर्ज असते. म्हणून वर उल्लेखिलेली चुकीची किंमत त्याच्यासाठी प्रमाणाबाहेर मोठी ठरते. तो डिजिटल साधनांबाबत सावध असेल, तर त्याचे कारण अज्ञान असेलच असे नाही.

या वर्गासाठी तीन बाबी निर्णायक ठरतात. पहिली, खेळत्या भांडवलाची. मोठ्या खरेदीदाराकडे अडकलेले बिल हे लघुउद्योगाचे जुने दुखणे आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने ४५ दिवसांच्या आत देयक चुकते करण्याचे बंधन घातले. तरी अंमलबजावणी कठीणच राहिली. ट्रेड्स या व्यवस्थेत मान्यता मिळालेले बिल इलेक्ट्रॉनिक मंचावर ठेवले जाते आणि बँका त्यावर बोली लावून उद्योजकास रक्कम आधीच देतात. रिझर्व्ह बँकेने तिची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये जाहीर केली. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना मार्च २०२५ पर्यंत या मंचावर नोंदणी करणे बंधनकारक करण्यात आले. नोंदणी झाली म्हणजे प्रत्येक बिल मंचावर येईलच असे नाही, ही या व्यवस्थेची मर्यादा होय.

दुसरी बाब पतपुरवठ्याची. तारण नसलेल्या उद्योजकाजवळ विक्री व कर यांच्या डिजिटल नोंदी असतात. सप्टेंबर २०२१ मध्ये कार्यान्वित झालेल्या अकाउंट अॅग्रिगेटर व्यवस्थेमुळे या नोंदी त्याच्या संमतीने कर्जदात्या संस्थेपर्यंत पोहोचू शकतात. नोंद हेच तारण, अशी ही कल्पना आहे. तिसरी बाब अनुपालनाची. वस्तू व सेवा कराखालील ई-बीजक ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांसाठी सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींपर्यंत खाली आले. बंधन टप्प्याटप्प्याने आणल्यास लहान उद्योजकाला इतरांच्या अनुभवावरून शिकण्यास अवधी मिळतो. प्रतीक्षेचे मोल शासनाने मान्य केल्याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

यासोबत विश्वासाचा प्रश्नही आहे. फसवणूक झाल्यास दाद कोठे मागावयाची, आपली माहिती कोण व कशासाठी वापरतो, हे स्पष्ट नसेल तर नोंदी निर्माणच होणार नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा या दिशेने टाकलेले पाऊल आहे. त्याची परिणामकारकता अंमलबजावणीवर अवलंबून राहील.

धोरणात्मक दिशा

वरील अनुभवांतून काही सर्वसाधारण तत्त्वे निघतात. एक, ज्या सुविधांचा स्थिर खर्च मोठा व लाभार्थी अनेक आहेत, त्या समाईक असाव्यात. त्यावरील सेवांत स्पर्धा असावी. दोन, समाईक सुविधेचा खर्च कोणी व कसा उचलावयाचा हे दीर्घ मुदतीसाठी आधीच जाहीर व्हावे. तीन, नियमांतील संज्ञा प्रारंभीच स्पष्ट असाव्यात आणि बदल शक्यतो पूर्वलक्षी नसावेत. चार, नव्या सेवांना मर्यादित स्वरूपात, ग्राहकांच्या पैशाच्या सुरक्षिततेची अट घालून, प्रयोगाची संधी द्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१९ पासून राबविलेली नियामक चाचणी-चौकट याच स्वरूपाची आहे. पाच, लहान उद्योजकांसाठी यंत्रणा विकत घेण्यापेक्षा वापरानुसार पैसे देण्याच्या व्यवस्था प्रोत्साहित कराव्यात, कारण त्यांत बुडीत खर्च कमी असतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो. चुकीची किंमत फार कमी केली तर बेजबाबदार गुंतवणूक वाढेल आणि तोटा करदात्यांच्या माथी येईल, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. यासाठी भेद करावयास हवा. बाजाराचा अंदाज चुकल्याचा तोटा गुंतवणूकदारानेच सोसावा. नियम संदिग्ध असल्याचा, मूलभूत सुविधा नसल्याचा किंवा हक्काचे बिल वेळेवर न मिळाल्याचा तोटा मात्र त्याच्यावर लादणे न्याय्य नाही. पहिल्या प्रकारची जोखीम उद्योजकतेचा भाग आहे. दुसरी दूर करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

समारोप

उदयोन्मुख अर्थव्यवस्थांपुढील संधी खरी आहे. जुन्या यंत्रणांचे ओझे नसल्याने त्या काही टप्पे ओलांडून पुढे जाऊ शकतात, हे केनिया, ब्राझील व भारत यांनी आपापल्या पद्धतीने दाखविले आहे. परंतु टप्पे ओलांडण्याची ही क्षमता आपोआप येत नाही. सफारीकॉमचा रिचार्ज विकणारा दुकानदार, क्यूआर संकेताचा कागद लावणारा फळविक्रेता आणि बिलाच्या रकमेची वाट पाहणारा लघुउद्योजक यांपैकी प्रत्येकाला, हा प्रयोग फसला तर आपण उभे राहू शकू काय, हा प्रश्न पडलेला असतो. या प्रश्नाचे उत्तर जितक्या अधिक लोकांसाठी होकारार्थी असेल, तितका डिजिटल संक्रमणाचा पाया व्यापक होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अपरिवर्तनीयता, अनिश्चितता व कालनिवड या संकल्पनांच्या आधारे गुंतवणूक लांबणीवर टाकण्याच्या निर्णयाचे विश्लेषण करा.

२. एम-पेसा सेवेस केनियात मिळालेले यश दक्षिण आफ्रिका व भारतात का मिळाले नाही? कारणमीमांसा करा.

३. यूपीआय व पिक्स या प्रणालींतील साम्य व भेद स्पष्ट करून समाईक डिजिटल सुविधांच्या खर्चवाटपाची चर्चा करा.

४. ‘नियमांची स्पष्टता हीसुद्धा एक पायाभूत सुविधा आहे.’ भारतीय दूरसंचार क्षेत्राच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.